चिकटलं की नकली

...आता तुम्हीच सांगा, पाहुणे बार्शीहून निघालेत, उप्पिटाचा रवा अर्धा भाजलाय आणि गॅस संपला, तर माणसानं घाबरू नये? आणि पाहुणे साधे नाहीत हो, शिवराजच्या घरचे, मला बघायला! शिवराज म्हणजे... कॉलेजातला. बिचाऱ्यानं विनवण्या करकरून त्याच्या आईला तयार केलेलं, तिच्यापुढं मी कच्चा रवा ठेवू?

मग दादाची नवी इंडक्शन शेगडी काढली. पातेलं ठेवलं तर ती अशी पीं पीं ओरडली की मी दचकून झाराच सोडला. दादाला फोन केला, तर तो थंडपणे म्हणतो, "अगं, चुंबक चिकटेल तेच भांडं चालतं त्यावर."

इथंच तर गोची! आमची आई भांडी घ्यायला जाते तीच मुळी पर्समध्ये चुंबक घेऊन. प्रत्येक पातेल्याला लावून दुकानदाराला सांगते, "चिकटलं की नकली. ठेव तिकडं." म्हणजे जन्मभर निवडून निवडून न चिकटणारंच स्टील घरात भरलेलं! पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम चिकटत नाही हे शाळेत शिकले होते, पण स्टील? त्यात लोखंड असतं ना? असतं की. मग चिकटावं ना? नाही चिकटत! चुंबक चिकटला कुठं, तर फ्रिजला, खिडकीच्या गजाला आणि माझ्या पदराच्या पिनेला. आता उप्पीट काय पिनेत शिजवू?

शेवटी आई गुपचूप गॅलरीत गेली आणि कढीपत्त्याच्या कुंडीखालचं पातेलं उपसून आणलं. आत्यानं वास्तुशांतीला दिलेलं, आईनं त्याच दिवशी "चिकटलं की नकली" म्हणून कुंडीखाली सारलेलं. चुंबक लावला... टक्क! खसाखसा घासलं, त्यातच उप्पीट केलं, परत घासून त्यातच चहा.

पाहुण्यांनी दोनदा उप्पीट मागून घेतलं. मी जरा श्वास घेते तोच शिवराजची आई पाणी प्यायला स्वयंपाकघरात, नजर थेट पातेल्यावर. पर्स उघडली... आणि चुंबक काढला. हो, तिनंसुद्धा! टक्क.

"चिकटतंय की ओ हे."

आई पडलेल्या आवाजात म्हणाली, "नणंदेनं दिलंय."

त्या बाईनं आईचा हात धरला. "माझ्या नणंदेनं दिलेली बी समदी चिकटत्यात बघा."

दोघी अशा हसल्या की बाहेर शिवराजला ठसका लागला. ठरलं लग्न!

आता दोघी आपापला चुंबक घेऊन माझ्या संसाराची भांडी निवडायला गेल्यात... आणि दादा आहेरात इंडक्शन देतोय.