पेडलखालचा ठोकळा

नाही, बसवलेला नाही — तो काय, खोक्यातच आहे तुमचा टर्बो, चिकटपट्टीसुद्धा काढली नाही मी. बसा ना. त्या टायरवर बसा, पुसलेला आहे. रागावलात? रागवा. या वयात राग सोसतो मला, घाई सोसत नाही.

सकाळी तुम्ही ट्रॅकवर फेऱ्या मारत होतात तेव्हा मी तिसऱ्या वळणापाशी कठड्याला टेकून उभा होतो — मला बघायचं नसतं, ऐकायचं असतं — आणि वळणाच्या ऐन मध्यावर तुमचा पाय ॲक्सिलरेटरच्या पेडलवरून उचलला जातो. एकदा नाही, दर फेरीला. गाडी वळायला लागली की भीतीने पाय आपोआप सुटतो, आणि पाय सुटला की भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात, शेपूट फिरते. आत्ता इंजिनात दीडशे घोड्यांची ताकद आहे म्हणून गाडीच तुम्हाला सांभाळून घेतेय. हा टर्बो बसवून तीनशे झाले की कोण कुणाला सांभाळणार? — हो, फेरीची वेळ चार सेकंदांनी उतरली, दाखवलीत मघाशी. तेच सांगतोय. घड्याळाचंच सांगतोय.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, बारक्या म्हणायचे सगळे, माझ्याच हाताखाली शिकला. नवशिक्याच्या पेडलखाली मी लाकडी ठोकळा बसवायचो — इंजिन कितीही दांडगं असू दे, पाय पुरता खाली जायचाच नाही. वेळ सुधारली की ठोकळा थोडा तासायचा. ही माझी रीत. बारक्याची वेळ दर रविवारी सुधारायची, मी दर सोमवारी रंधा घेऊन बसायचो. आता सांगा, कशाने सुधारत होती? हाताने? छे — सरळ रस्त्यावर. मी जेवढं लाकूड काढलं तेवढा तो सरळ रस्त्यावर पळत होता, आणि वळणात जिथे होता तिथेच होता. ताकद मी देत होतो आणि शाबासकीही मीच देत होतो. शेवटी तासायला लाकूडच उरलं नाही.

हो, तेच वळण. गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. भावाला मी सांगितलं, ट्रॅकवर तेल सांडलं होतं. अजून तेच धरून बसलाय बिचारा, तेलाने घात केला म्हणतो. भावजय अजून माझ्या पाया पडते — तुम्ही होतात म्हणून पोराला शेवटी मायेचा हात तरी मिळाला, म्हणते.

काय? ऐकू आलं नव्हतं का? — आलं होतं. दोन महिने येत होतं. पाय उचलल्याचा आवाज काय मला कळत नाही? पण लोक म्हणायचे, पोरगा काकावर गेलाय. गोड लागायचं हो ते.

हे... हे बोलायचं नव्हतं मला. भावाची गाठ पडली तर काही बोलू नका. एवढं करा.

महिनाभर या माझ्याकडे. आहे त्याच इंजिनावर. शेजारी मी बसतो, तुमचा पाय वळणात टिकला की स्वतः बसवून देतो — नाही? शर्यत रविवारी आहे. आणि पलीकडचा मेकॅनिक संध्याकाळपर्यंत बसवून देतो म्हणाला. देईल की. हात चांगला आहे त्याचा.

मग उचला ते खोकं. तुम्हीच उचला, मी नाही हात लावणार. — जा. आता बोलू नका माझ्याशी, जा. आणि बाहेरून शटर ओढून घ्या. अर्धं नाही. पुरतं.