रडणारं मूल रांगेत थांबू शकतं

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या बालरुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावर बसलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या धाकानं मी वेळेवर जेवायला शिकले त्या मुख्य सिस्टर, सफाईपासून क्ष-किरणापर्यंतचे माझे सगळे सहकारी, आणि शेवटच्या रांगेत नव्या सदऱ्यात अवघडून बसलेले आमचे यजमान, आपणा सर्वांना मनापासून नमस्कार.

माझ्याआधी चार जण बोलले. माझ्या शांत आणि मनमिळाऊ स्वभावाचं वर्णन चाललं होतं तेव्हा यजमान मान वर करून इकडेतिकडे बघत होते. आज आणखी कुणी निवृत्त होतंय की काय, असं त्यांना वाटलं असावं.

केसपेपरच्या खिडकीत मी एकतीस वर्षं बसले. शिक्षण म्हणाल तर दहावीच्या दारापर्यंत जाऊन आले, दार काही उघडलं नाही. जे शिकले ते त्या खिडकीतून बघून, आणि दुसऱ्यांचं डोकं खाऊन. पण सुरुवात कौतुकाची नाही. सत्काराच्या दिवशी कुणी आपली चूक सांगत नाही. मी सांगणार आहे, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

पहिलंच वर्ष होतं. सकाळची गर्दी, चाळीसेक माणसं रांगेत, आणि पोरांनी नुसता कल्ला मांडलेला. त्यात एका बाईच्या कडेवर पाच महिन्यांचं बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं, एकदम गप्प. मी कागद लिहिता लिहिता म्हटलं, "किती गुणी आहे हो तुमचं बाळ. नाहीतर ही बाकीची बघा." ती हसली. कागद घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसली. तासाभरानं नंबर पुकारला तेव्हा सिस्टर बाळ बघायला वाकल्या आणि तशाच ते उचलून आत धावल्या. उपयोग झाला नाही.

त्या आईनं मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. जाताना खिडकीशी थांबली आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही गुणी म्हणालात ना, म्हणून मीपण निवांत बसले."



दुसऱ्या दिवसापासून मी सिस्टरांच्या मागे लागले. तेव्हा त्या मुख्य नव्हत्या, पण ओरडायच्या मुख्यासारख्याच. चहाच्या सुट्टीत त्यांनी मला शिकवलं. बाळाचा सदरा वर कर आणि नुसती बघत राहा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का? घड्याळ लावून अख्खं मिनिट श्वास मोज, अर्ध्यावर कंटाळू नकोस; दोन महिन्यांच्या वरचं, वर्षाच्या आतलं मूल असेल आणि पन्नासाच्या पुढे गेलीस, तर ऊठ आणि मूल आत घेऊन ये. हात गार लागले तर नखावर दाब आणि सोड. तीन म्हणेपर्यंत गुलाबी नाही झालं, तर ऊठ. आईला म्हण, जरा पाजून बघा. पीत नसेल, पोटात काहीच ठरत नसेल, आकडी येऊन गेली असेल, हाक मारूनही बघत नसेल, तर कागदबिगद राहू दे, आधी ऊठ.

आपल्याकडे म्हणतात, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. म्हण खोटी नाही. पण आपल्या दारात ती उलटी वाचावी लागते. जे मूल गळा काढून रडतंय त्याच्या छातीत हवा आहे, अंगात जोर आहे, ते अर्धा तास थांबू शकतं. ज्याला रडायचंही त्राण नाही, ते थांबू शकत नाही. आणि रांगेत पुढे कोण ढकललं जातं? रडणारं. गप्प पोराला सगळे मागे सारतात. मीही सारलं होतं.

म्हणून मी उठत गेले. कुठल्या नियमात बसतं म्हणून नव्हे. दहादा उठले तर सहादा मूल नुसतं झोपाळलेलं निघालं. आतले तरुण डॉक्टर म्हणायचे, मावशी, आज पुन्हा झोपलेलं आणलंत. हसा बापहो, मीपण हसते. राहिलेल्या चार वेळांना कुणी हसलं नाही.

आता सध्याचं सांगते. साहेब, तुम्ही घड्याळ बघितलंत ते मी बघितलं. आवरतेच.

दोन महिन्यांपूर्वी आपल्याकडे टोकनचं यंत्र आलं. यंत्रावर माझा राग नाही. माझ्यापेक्षा नम्र आहे, प्रत्येकाला धन्यवाद म्हणतं. पण त्याच्यासोबत भिंतीवर सूचना लागली: क्रमांक आल्याशिवाय कोणत्याही रुग्णास आत सोडू नये. तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी, एक गवंडी आपली दोन वर्षांची मुलगी खांद्यावर टाकून आला. हाताला सिमेंट तसंच. टोकन सत्तावन्न, आत तेवीस नंबर जायचा होता. मी विचारलं, काय होतंय? म्हणाला, कालपासून उलट्या-जुलाब, पण आता बरंय, झोपलीय. मी हात बाहेर काढून तिचं पाऊल धरलं. गार. नख दाबून सोडलं आणि मोजत राहिले. तीन झाले, चार झाले, नख पांढरंच.

उठले. बापच मागे सरकला. "बाई, आमचा सत्तावन्न आहे. लोक चिडतील." लोक चिडलेच होते. तेवीस नंबरवाले गृहस्थ मुलाचा सुजलेला अंगठा घेऊन सातपासून बसलेले. ते मोठ्यानं म्हणाले, "पाहुणे दिसतात मावशींचे." मी म्हटलं, हो, भाचीच आहे माझी, आणि मुलगी त्याच्या खांद्यावरून उचलून आत नेली.

पुढचं या डॉक्टरीणबाईंनी केलं. ऑक्सिजन लावला. शीर सापडेना, दोनदा बघितलं. मग गुडघ्याखाली सरळ हाडात सुई घालून सलाईन ढकललं. मी तोंड फिरवलं, हे कबूल करते. बाहेर आल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या, "सत्तावन्नाची वाट बघितली असतीत तर मला हाक मारून उपयोग नव्हता." तिसऱ्या दिवशी त्या मुलीनं सिस्टरांच्या हातातली औषधाची वाटी उडवून दिली आणि अख्खा वॉर्ड खूश झाला.

त्याच दिवशी मला कागद मिळाला. क्रम मोडल्याबद्दल खुलासा करा. अंगठ्यावाल्या गृहस्थांनी तक्रार केली होती आणि त्यांचं काही चुकलं नाही. सातपासून बसलेला माणूस चिडणारच. परवा साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब माणूस चांगला, खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "मावशी, दिलगीर आहे, यापुढे असं होणार नाही, एवढी ओळ लिहा. तुम्ही तर जाणारच आहात. तुमचं काय जातंय?"

खरंच, माझं काय जातंय? मी विचार करत घरी गेले. माझ्या जागी येणाऱ्या बाई इथे दुसऱ्या रांगेत बसल्यात. आठवडाभर माझ्या शेजारी बसून शिकल्या. नखं दाबतात, श्वास मोजतात, माझ्यापेक्षा चांगलं मोजतात. काल त्यांनी विचारलं, "मावशी, मी उठले तर मलापण असा कागद येईल का?" त्यांच्या घरी दोन लेकरं आहेत, नोकरी नवी आहे. एकतीस वर्षं बसलेल्या बाईनंच दिलगिरी लिहून दिलीय, असं फाइलीत दिसलं, तर त्या खुर्चीतून उठतील का? तुम्ही उठाल का? त्यांचं पाऊल खिडकीतच थिजेल, आणि बाहेर कुणाचं तरी गुणी बाळ बाकावर पडून राहील.

म्हणून साहेब, ती ओळ मी लिहिली नाही, लिहिणारही नाही. कार्यमुक्तीचा कागद त्यासाठी अडवायचा असेल तर अडवा, मी उद्या पुन्हा येऊन बसेन. यजमानांना तेवढीच शांतता. ओळ लिहायचीच असेल तर तुम्ही लिहा, भिंतीवरच्या त्या सूचनेखाली, तुमच्या सहीनं: मूल गप्प असेल, तर क्रमांक विचारू नये. डॉक्टरीणबाई मान हलवताहेत. तुम्ही अजून हलवलेली नाहीत, पण माझी दृष्टी आता पहिल्यासारखी राहिली नाही.

फुलांबद्दल, चांगल्या शब्दांबद्दल, एकतीस वर्षांच्या सोबतीबद्दल आभार. मी शिकलेली बाई नाही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, भरल्या सभेत साहेबांना अवघडवलं असेल, तर मोठ्या मनानं माफ करा. सत्तावन्न नंबर तेविसाच्या आधी नेला, त्याची माफी मात्र मी मागत नाही.

नमस्कार.