प्रगतीचा दम

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर शगुफ्ताचा जीव टांगणीला लागला होता. हृदयाचा फोटो घेताना शेजारी बसलेल्या तिच्या लेकीचा, शमाचा, धरलेला श्वास मध्येच सुटला होता, आता पुन्हा आत बोलावणार होते. समोरच्या बाकावर एक आबा नातीशी बोलत होते.

“प्रगती, भ्या वाटतंय का गं?”

“न्हाय आबा. सुईतनं औषध गेलं की अंग गरम होतं, एवढंच.”

“तान्ही होतीस तवा ऑपरेशनात काळजाला रक्त देणाऱ्या बारीक नळ्या उचलून दुसरीकडं बसवल्यात. त्या आवळल्यात का, तेवढं बघायचं हाय.”

“म्हाईत हाय. श्वास धरायचा आन हलायचं न्हाय.”

“मोठ्या माणसांचा सुटतोय. तुझा कसा टिकतो?”

“कबड्डीनं.”

“तुला खेळू कुठं देत्यात?”

“रेषेबाहेर बसते. आमची सुप्रिया चढाईला गेली की मी बी श्वास धरते. ती माघारी येईस्तवर सोडायचा न्हाय.”

“आन ती बाद झाली तर?”

“तरी न्हाय. शिट्टी वाजली की मगच.”

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मला वाटायचं, तू तितं नुसती बसून असतीस.”

“बसलेलीच असते की.”

दार उघडलं. सिस्टरनं शमाचं नाव पुकारलं.

“चल बाळा,” शगुफ्ता म्हणाली.

शमा बोलेना. तिचे गाल टम्म फुगले होते आणि नजर प्रगतीवर खिळली होती.

“आता सोड,” प्रगती तिला म्हणाली. “खरी चढाई आत हाय.”