गोधडीचं प्रस्थान

अलिबागचं काय विचारता? मुलाने हॉटेलचं बुकिंग नेमकं अमावस्येचं केलं. अमावस्येला निघायचं नसतं, म्हणून आमच्या हिने आदल्या दिवशी मुहूर्त पाहून प्रस्थान ठेवलं. म्हणजे एक पिशवी समोरच्या भामरेवहिनींकडे नेऊन ठेवली. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं आणि जाताना पिशवी उचलायची. पंचांगात पळवाट असते याचं मला नवल वाटलं नाही. माझं आयुष्य सरकारी कचेरीत गेलंय.

घोटीपाशी आमची तीन वर्षांची नात ओवी पेंगुळली. "आजी, माझी गोधडी?"

त्या गोधडीशिवाय ती झोपत नाही, आणि ती झोपली नाही की घरात कोणीच झोपत नाही.

"आई, प्रस्थानाला कुठली पिशवी ठेवली होतीस?" मुलाने विचारलं.

"हाताला लागली ती."

"आणि सकाळी उचलली कोणी?"

"मला वाटलं, तू."

"म्हणजे मुहूर्तावर एकटी गोधडी निघाली," मी म्हणालो. कोणी हसलं नाही.

गाडी वळवून परत नाशिकला आलो. ओवी वहिनींच्या दिवाणावर गोधडी कवटाळून झोपली. तिला उठवायची कोणाची हिंमत होईना, म्हणून आम्ही शेजारी बसून त्यांचे पोहे खाल्ले. ती उठल्यावर वहिनींनी तिला लाडू दिला आणि आम्ही पुन्हा निघालो.

अलिबागला समुद्र झाला, किल्ला झाला, घोडागाडी झाली. घरी परतल्यावर मी विचारलं, "ओवी, सहलीत सगळ्यात काय आवडलं?"

"भामरेआजींचं घर," ती म्हणाली. "पण आजोबा, तिथून घरी यायला किती वेळ लागला."