दिवाणसाहेबांचं घड्याळ आणि रघूअण्णांचा कान

मंडळी, ऐका! कीर्तनाच्या पूर्वरंगात तासभर वैराग्य सांगितलं. निम्म्यांना डुलकी लागली — असू दे, मी पाहिलंच नाही! आता एक प्रश्न विचारतो, जरा सावरून बसा. खोटी वस्तू आपल्या गळ्यात मारतो कोण? विकणारा? की — थांबा, मावशी, उत्तर नको! — की आपणच मान पुढे करतो?

वरूनि लखलखे तबकडी । आत काय ते कोण उघडी ।।

ही तबकडी मध्येच कुठून आली म्हणता? सांगतो!

मिरजेला रघूअण्णा शेटे म्हणून नारळाचे व्यापारी. कान असा की विचारू नका! नारळ कानाशी धरायचा, हलवायचा, डोळे मिटायचे — "पाणी भरपूर, खोबरं जाड!" फोडा — तस्संच! उभ्या जन्मात अण्णांच्या दुकानातला नासका नारळ देवापुढे गेला नाही. आणि त्याचा अण्णांना अभिमान होता बरं का! अभिमान कसला, ताठाच म्हणा की!

अण्णांची एकुलती एक लेक उज्ज्वला. तिचं लग्न ठरलं कराडच्या गडव्यांकडे. व्याही दिनकरराव गडवे. माणूस देखणा, मिशा झुपकेदार, आणि नाद एकच — किल्लीची जुनी मनगटी घड्याळं! कपाट भरलेलं. पाहुणा आला की आधी कपाट, मग चहा!

आता सीमांतपूजनाला व्याह्यांचा मान करायचा. अण्णांच्या पत्नी, सुमनकाकू, म्हणाल्या, "अहो, शाल-श्रीफळ द्यावं."

"अगं, नारळवाल्यानं श्रीफळ दिलं तर लोक म्हणतील, दुकानातलंच उचललं! मी त्यांना असं घड्याळ देतो, की त्यांच्या कपाटातली बाकीची घड्याळं लाजून बंद पडतील!"

झालं! निघाले कोल्हापूरच्या जुन्या बाजाराला. तिथं एक गोड बोलणारा गृहस्थ बसलेला. गोड म्हणजे किती? मुंग्या लागाव्यात इतका! त्यानं मखमलीतून घड्याळ काढलं. "साहेब, एका संस्थानच्या दिवाणसाहेबांचं आहे. विलायतेहून आलेलं. सगळ्यांना दाखवत नाही. तुमच्या चेहऱ्यावर पारख दिसली म्हणून काढलं!"

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? झाकण उघडायला लावावं. आतलं यंत्र बघावं. ओळखीच्या घड्याळजीला दाखवावं. आणि आमच्या अण्णांनी काय केलं? घड्याळ कानाशी धरलं — आणि हलवलं!

हसता काय! हलवलं, डोळे मिटले, म्हणाले, "भरीव आहे!"

विकणाऱ्यानंसुद्धा डोळे चोळले हो! त्याच्या धंद्यात हे कुणी केलं नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, "झाकण मात्र उघडू नका. दिवाणसाहेबांच्या काळची हवा आहे आत."

अण्णा म्हणाले, "छे छे! नारळ काय कुणी फोडून विकत घेतं?"

घरी आल्यावर रोज आंघोळ झाली की पूर्वेला तोंड करून किल्ली द्यायची. काकू बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "अहो, काल किल्ली द्यायला विसरलात. तरी चालतंय कसं?"

"जातिवंत आहे! एकदा खाल्लं की दोन दिवस पुरतं त्याला."

"आणि सेकंदाचा काटा टुण्‌-टुण्‌ उड्या मारतो. माझ्या वडिलांच्या किल्लीच्या घड्याळाचा संथ फिरायचा."

"दिवाणांचं आहे. रुबाबात चालणारच!"

"आणि एवढं जुनं, तर तबकडी काल घेतलेल्या ताटलीसारखी कोरी कशी?"

"मोठ्या घरचं! नीट वापरलंय!"

बघा मंडळी! खोटेपणा ओरडून ओरडून सांगत होता, 'मी खोटा आहे!' आणि अण्णा त्याचीच वकिली करत होते! विकणारा केव्हाच घरी जाऊन जेवला होता. पुढचं सगळं फसवणं अण्णांनी स्वखर्चानं केलं!

सीमांतपूजन थाटात झालं. दिनकररावांनी घड्याळ हातात घेतलं, भिंगातून पाहिलं, म्हणाले, "वा! पाहताक्षणी ओळखलं! अस्सल!" आणि मोठ्या भक्तीनं किल्ली बाहेर ओढून फिरवली. अण्णा तिला नुसते पिळायचे, यांनी ओढली! लक्षात ठेवा हं!

दुसरा दिवस. मुहूर्ताची घटका. अंतरपाट धरलेला. इकडे उज्ज्वला, तिकडे नवरदेव, हातात हार. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. भटजींनी शेवटच्या मंगलाष्टकाचा सूर लावला — आणि दिनकररावांच्या मनगटावरून आवाज आला. पीं पीं पीं-पीं! अहो, केक कापताना वाजतं ना, ते गाणं! मेणबत्तीवर फुंकर मारायचं!

भटजी थांबले. एका आजोबांनी चुकून टाळ्या वाजवल्या!

दिनकरराव मनगट दाबतात, झटकतात, उपरण्यात गुंडाळतात — घड्याळ गातंय! अंतरपाटाआडून उज्ज्वला कळवळून म्हणाली, "आई, ते आधी बंद कर गं!"

काकू पुढे झाल्या. अंबाड्यातला आकडा काढला, घड्याळ घेतलं, टचकन झाकण उघडलं. आत काय? दिवाणसाहेबांची हवा? छे! पोरांच्या खेळण्यातलं प्लॅस्टिकचं यंत्र आणि शेंगदाण्याएवढा सेल! किल्ली ओढून फिरवली की त्यात गाण्याचा गजर लागायचा!

अण्णांनी ते यंत्र पाहिलं. मंडळी, इथं हसू नका. बापाला त्या क्षणी एकच दिसत होतं — भरल्या मांडवात व्याह्यांचा अपमान झाला, आता हे उठले तर माझ्या पोरीचं काय होणार? पागोटं काढून ते दिनकररावांपुढे वाकले. "चुकलो हो! मी कानाशी हलवून बघितलं होतं!"

सगळा मांडव दिनकररावांकडे बघायला लागला. त्यांनी मिशांवरून हात फिरवला. ते हळूच म्हणाले, "अण्णा... तो विकणारा गोड बोलायचा का?"

"फार!"

"दिवाणसाहेबांचं आहे म्हणाला? झाकण उघडू नका म्हणाला?"

"हो! तुम्हाला कसं ठाऊक?"

दिनकररावांचा दुसरा हात हळूहळू पाठीमागे गेला. त्या हातात त्यांचं स्वतःचं लाडकं घड्याळ होतं! काकूंच्या नजरेतून काय सुटतंय? आकडा पुढे करून म्हणाल्या, "आणा व्याहीबुवा, तेही बघू!"

"नको!" दिनकरराव केवढ्यानं ओरडले! "मुहूर्त टळतोय! भटजी, आटपा! वाजवा रे वाजवा!"

सनई वाजली, अक्षता पडल्या, लेक सुखानं नांदायला गेली. दिनकररावांनी त्या घड्याळाचा आयुष्यात उच्चार केला नाही. आणि पाहुणा आला की कराडला आता आधी चहा मिळतो. कपाटाला कुलूप आहे!

हसलात? पोटभर हसलात? आता दिनकररावांचा हात जरा आपल्या पाठीमागे शोधा! दुसऱ्याचं झाकण उघडायला आकडा घेऊन आपण सगळे तयार. आपलं म्हटलं की, 'मुहूर्त टळतोय!' कपाळी गंध आहे, गळ्यात माळ आहे, तबकडी कशी कोरी करकरीत — आणि आत? आत भक्तीचं यंत्र आहे, की शेंगदाण्याएवढा सेल? मंदिरात आलो की वाजतो, पायरी उतरली की बंद?

आता आरतीला नारळ फुटेल. तो अण्णांच्याच दुकानातला आहे, चांगलाच निघेल. त्याला बाहेरून हलवून बघितलं तर चालतं. तुम्हा-आम्हाला मात्र उघडूनच बघावं लागतं, आणि ते ज्याचं त्यानंच.

वरूनि लखलखे तबकडी । आत काय ते आपण उघडी ।।

उठा, हात जोडा, देवाचं नाव घ्या — आणि मागच्या रांगेतले काका, मनगटाकडे बघू नका! ते खरं आहे का, हे आधी काकूंना विचारा!