एका परातीतले रिपोर्ट

सोळा सोमवारांचं उद्यापन मी दुसऱ्याच्या रिपोर्टवर केलंय, ऐका. ह्यांच्या गळ्यातली गाठ तपासायला दिली होती. सोमवारी सकाळी लॅबच्या वेबसाइटवर रिपोर्ट उघडला, कॅन्सर नाही. महादेवाला हात जोडले, उद्यापन केलं आणि गल्लीभर चुरमा वाटला.

मंगळवारी लॅबनं बोलावलं. आभार मानावेत म्हणून मी चुरम्याचा डबा घेऊनच गेले. बाकावर जुबेदाआपा नावाच्या बाई बसल्या होत्या, डोळे रडून सुजलेले. त्यांच्या मिस्टरांच्या रिपोर्टात कॅन्सर निघाला होता.

कॉम्प्युटर सांभाळणारा खाली बघत म्हणाला, "मावशी, तुम्हा दोघींच्या रिपोर्टांची अदलाबदल झाली. आधी सर्व्हरवर प्रत्येकाला वेगळी प्रोसेस होती, ज्याचं त्याचं ताट वेगळं. साइट पळावी म्हणून एकाच प्रोसेसमध्ये बरेच थ्रेड लावले, म्हणजे सगळ्यांना एकच परात. रिपोर्ट दाखवणारं आमचं जुनं मॉड्यूल त्यासाठी बनलेलंच नाही. तुम्ही दोघींनी एकाच वेळी रिपोर्ट उघडला..."

"हे आधी ठाऊक नव्हतं?"

"होतं की. साहेब म्हणाले, लावा, एवढ्यानं काय होतंय."

जुबेदाआपांना हसावं की माझ्याकडे बघून रडावं, कळेना. "कल से चूल्हा नई जलाई मैं," एवढंच म्हणाल्या.

मी डबा त्यांच्या हातात दिला. "खावा आपा. उद्यापन तुमच्या घरचं झालं. माझा येत्या सोमवारी पहिला."