कमकुवत पासवर्ड

...आणि सगळे माझ्यावरच डाफरतायत! अहो, मी फक्त धूळ पुसत होतो हो! तुम्हाला सांगतो, त्या राउटरच्या मागे एक इवलंसं भोक असतं, त्यात मळ बसलेला, घातली सेफ्टी पिन, जरा कोरलं... तर राउटरचे सगळे दिवे गेले, परत लागले, आणि लेक खोलीतून किंचाळली, "बाबा! वायफाय उघडं पडलंय! पासवर्डच उडाला!" उघडं म्हणजे? वायफायला काय दार असतं? "अख्खी बिल्डिंग घुसलीय आत, माझं चित्र गोठतंय!" आणि तासाभरात तिचा इंटरव्ह्यू, लॅपटॉपवर! वर्षभर घरी बसलेली पोरगी, कधी नव्हे ते कुणीतरी बोलावलेलं...

लावला कंपनीला फोन. आमच्याकडे फोनला रेंज फक्त बाल्कनीत, म्हणून मी बाल्कनीत, लेक तयारीत, आणि आमची ही, म्हणजे बायको, आत लॅपटॉपपाशी. पलीकडे एक मधाळ बाई, "सर, वायरलेस सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी निवडा." मी आत ओरडलो, "सिक्युरिटी निवड गं!" ही म्हणाली, "चार प्रकार दिसतायत, कुठली?" चार? आमच्या गेटवर एक आहे, तोही झोपलेला असतो! बाई म्हणाली, "डब्ल्यूपीए टू." म्हणजे काय, कुणाला ठाऊक? ओरडलो! मग पासवर्ड. मी आपलं साधं आडनाव सांगितलं. "सर, कमकुवत आहे. पहिलं अक्षर मोठं करा." ओरडलो. तरी कमकुवत! "आकडे टाका." ओरडलो. आकडे बदलले, पुन्हा ओरडलो. "एखादं चिन्ह?" मी म्हटलं, "अगं, ते जाळीसारखं दाब!" झाला एकदाचा मजबूत! हिने सेव्ह केलं आणि... आम्हीच बाहेर!

"आता नवा पासवर्ड टाकून जोडा, सर." कोणता? हिला विचारलं, "काय टाकलंस?" "तुम्ही ओरडलात ते!" "मी काय ओरडलो?" "मला काय विचारता, मी बटणं दाबत होते!" "बघ ना स्क्रीनवर!" "नुसते ठिपके होते हो!" आता सांगा, चूक कुणाची? मी फक्त धूळ पुसत होतो हो!

लेक दारात उभी, डोळ्यांत पाणी. "बाबा, सुरू होईल आता..." एवढ्यात समोरच्या बाल्कनीतून, कपडे वाळत घालता घालता, शिवणकामवाल्या वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, आडनाव, पहिलं अक्षर मोठं, मग दोनदा सात, शेवटी जाळी!" त्यावर वरच्या मजल्यावरून डॉक्टर, "सात नव्हे, नऊ! सात त्यांनी नंतर बदलायला लावले!"

नऊ टाकले. जुळलं! आणि गंमत बघा, पासवर्ड सगळ्यांना पाठ, पण इंटरव्ह्यू संपेपर्यंत एकानेही जोडलं नाही. पोरीला नोकरी लागली हो!

आता ही माझ्या मागे लागलीय, "अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक झालाय, बदला तो पासवर्ड." बदलतो की, बदलायला काय जातंय... पण नवा विसरलो, तर विचारायचं कुणाला?